छत आमचं, फरशी काकूंची

एका वाचक भगिनीचं पत्र, ओळख पटेल असे तपशील गाळून:

"मुंबईच्या उपनगरात, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. वरच्या घरात सत्तरी ओलांडलेल्या काकू एकट्याच असतात. पेन्शनवर त्यांचं चालतं, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मी नोकरीला लागले तेव्हा आमचा मुलगा दोन वर्षांचा होता. शाळेत जाईपर्यंत तो दिवसभर काकूंकडेच असायचा आणि त्यांनी कधी एक पैसा घेतला नाही.

गेल्या वर्षीच्या मार्चपासून आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी टिपकतंय. आता बाजूच्या बेडरूमच्या भिंतीलाही ओल आली आहे. काकूंना वाईट वाटेल, खर्च कुठून करतील, म्हणून मी त्यांच्याशी बोललेच नाही. बादली ठेवते आणि रोज ओतते. मध्यंतरी त्या आठ दिवस लेकीकडे गेल्या होत्या, तेव्हाही गळत होतं. मिस्टर म्हणाले, नळ उघडा टाकून गेल्या असणार. त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे असते, प्लंबरला घेऊन वर जाऊ या असं त्यांचं म्हणणं. मी जाऊ दिलं नाही. मागच्या महिन्यात त्यांनी वैतागून छताचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, 'वरच्यांनी जरा लक्ष द्यावं' असं लिहून. तेव्हापासून काकू जिन्यात भेटल्या तर मान खाली घालून निघून जातात.

कमिटी म्हणते, आपसात मिटवा. कंत्राटदाराने वरचं बाथरूम पूर्ण फोडून नव्याने करायचे ६५,००० रुपये सांगितलेत. मिस्टर वकिलाची नोटीस द्या म्हणतात. मला वाटतं, पैसे आपणच गुपचूप भरावेत, नाहीतर काकूंच्या मुलीला परस्पर फोन करावा. किल्लीही परत करावी का? घर वाचवायचं की संबंध?"

*

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मला त्यात एक माहिती हवी होती, ती कुठेच सापडली नाही. पाणी नेमकं येतंय कुठून, हे कुणी बघितलंय का?

नोटिशीचा विचार झालाय, पासष्ट हजारांचा आकडा आलाय, काकूंच्या लेकीला फोन करायचंही मनात आहे. पण काकू बोलत नाहीत आणि किल्ली तुम्ही वापरू दिली नाहीत, मग कंत्राटदार वर गेला कधी? म्हणजे त्याने तुमच्या छताकडे मान वर करून बघितलं आणि आकडा सांगितला. डोकं दुखतंय म्हटल्यावर न तपासता ऑपरेशनची तारीख देणाऱ्या डॉक्टरकडे आपण परत जात नाही.

यात मी तुम्हाला शहाणपण शिकवत नाहीये, मी स्वतः यात पोळलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अशीच ओल आली. वरच्या घरातल्या वहिनी ओट्यावर बदाबदा पाणी ओततात, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. जवळजवळ वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. शेवटी एका प्लंबरने डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत उतरून बघितलं, तर सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यात पिंपळ उगवला होता. मुळं आत शिरून सांधा उकललेला, आणि पाणी भिंतीतून सरळ आमच्याकडे. पाइप सोसायटीचा, पिंपळ कावळ्याचा. वहिनींचा संबंध शून्य. त्यांची माफी मागायला मला पुढे आणखी दोन महिने लागले, ते वेगळंच.

तुमच्याकडे काकूंचं बाथरूमच दोषी निघणार नाही असं मी म्हणत नाही. निघेलही. फक्त आज ते कुणालाच माहीत नाही.

आता ते आठ दिवस. मिस्टरांचा सगळा राग त्या आठ दिवसांवर उभा आहे, असं मला वाटतं. माणूस घरात नाही आणि तरी पाणी गळतंय, म्हणजे नळ उघडा राहिला. ऐकायला पटतं. पण जुन्या इमारतींमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा बराच खाली घेतलेला असतो, आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरून त्यावर लादी बसवतात. लादीच्या सांध्यांतून पाणी झिरपायला लागलं की हा भराव स्पंजासारखा पाणी पितो. वरचा वापर थांबला तरी खालून ते दिवसचे दिवस पाझरत राहतं. ही झाली एक शक्यता. दुसरी अशी की भिंतीतला नळाचा पाइपच कुठेतरी सडलाय. त्यात पाण्याचा दाब कायम असतो, त्यामुळे घरात माणूस असो नसो, तो गळणारच. तिसरी शक्यता डक्टमधल्या सामायिक पाइपाची. त्यात अख्ख्या इमारतीचं पाणी वाहतं, काकू पुण्याला गेल्या म्हणून ते थांबत नाही. या तिन्हींत उघड्या नळाचं नाव नाही. उलट लादी आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीच्या जाळीखालचा निचरा, धड असता, तर नळ आठ दिवस चालू राहूनही पाणी सरळ ट्रॅपमधून वाहून गेलं असतं आणि तुमच्याकडे कदाचित थेंबही जास्त पडला नसता.

एक चिडवू का? तुम्ही रोज बादली ओतलीत. वर्षभराचा पुरावा तुमच्या हातात होता आणि तो तुम्ही मोरीत ओतून दिलात. आजपासून वही करा. सकाळी आणि रात्री, बादलीत किती पाणी जमलं, मिनिटाला किती थेंब पडतात, त्या दिवशी पाऊस होता का. दहा-बारा दिवसांत ती वही बोलायला लागेल. दिवसरात्र सारख्याच गतीने टिपकत असेल, तर संशय नळाच्या पाइपावर. काकूंची अंघोळ आटोपल्यावर थोड्या वेळात वेग वाढत असेल, तर नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याची जोडणी. काही तासांनी, हळूहळू वाढत असेल, तर लादीखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असण्याची शक्यता जास्त. आणि फक्त जून ते सप्टेंबर जोर करत असेल, तर बाहेरच्या भिंतीची भेग बघायला हवी. तुमच्याकडे मार्चमध्ये सुरू झालंय, त्यामुळे निव्वळ पावसाचं खातं बहुधा नाही.

त्याआधी आजच्या आज एक काम. बाथरूमच्या छतातला दिवा आणि गिझरचा पॉइंट या ओलीच्या वाटेत आहेत का, ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. असतील तर ते बंद ठेवा आणि काही दिवस बाहेरून दिवा ओढा. भिंतीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर थेट मेन स्विच बंद करायचा आणि मग इलेक्ट्रिशियनला फोन. बाकी सगळ्याला वेळ आहे, याला नाही.

वहीनंतर खरी तपासणी. ती काकूंच्या घरात आणि त्यांच्यासमोरच व्हायला हवी. प्लंबर आधी त्यांच्या बाथरूमला येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व बंद करेल. जुन्या इमारतीत तो कधी बाथरूममध्ये असतो, कधी गच्चीवर टाकीपाशी. तेवढा एक दिवस त्यांना पाणी तुम्ही भरून द्या. थेंब बऱ्यापैकी कमी झाले तर चोर सापडला: नळाचा पाइप. काही प्लंबर लाइनला हातपंपाने दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरतो का ते बघतात, ते जास्त खात्रीचं. त्यातून काही निघालं नाही, तर नहाणी ट्रॅपला बोळा लावून लादीवर दोन बोटं पाणी साठवायचं, त्यात रंग कालवायचा आणि चोवीस तास थांबायचं. तुमच्या बादलीत रंगीत थेंब पडला की वाद संपला. नाही पडला तर तेच रंगीत पाणी ट्रॅपमधून सोडून बघायचं. भरावातून यायला पाण्याला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन दिवस बादलीवर नजर ठेवा.

हे एवढं का करायचं? कारण उत्तर बदललं की खर्च बदलतो. नळाचा पाइप सडला असेल तर जुना बंद करून भिंतीवरून नवा ओढता येतो, लादीला हात लावावा लागत नाही. सांधे उघडले असतील तर ते खरवडून इपॉक्सी भरतात, एक-दोन दिवसांचं काम. ट्रॅप असेल तर ट्रॅपभोवतीचा तुकडा फोडायचा. अख्खं बाथरूम उखडायची वेळ कोबाच निकामी झाला असेल तेव्हाच येते. तुम्हाला पहिला आकडाच या शेवटच्या कामाचा मिळालाय, आणि तुम्ही दोघं नवरा-बायको महिनाभर त्यावरून भांडताय.

आता काकू. इथे जरा कडू बोलते.

काकूंना वाईट वाटेल म्हणून तुम्ही गप्प राहिलात. भावना चांगलीच होती. पण त्यांना झेपणार नाही, हे कुणी ठरवलं? तुम्ही. त्यांना न विचारता. तुमच्या मुलाला काही वर्षं सांभाळणाऱ्या बाईला एक गळकं बाथरूम सांभाळता येणार नाही, असं तुम्ही कशावरून धरलंत? परिणाम असा झाला, की जी गोष्ट त्यांना तुमच्या तोंडून, तुमच्या घरात समजायला हवी होती, ती त्यांना ग्रुपवर अख्ख्या बिल्डिंगसमोर समजली. त्या मान खाली घालून जातात ते रागाने की लाजेने, तुम्हालाही सांगता येणार नाही. मला वाटतं लाज जास्त असेल. आपल्यामुळे कुणाच्या घरात वर्षभर पाणी गळत होतं आणि आपल्याला कुणी बोललंही नाही, हे त्या वयात फार लागतं.

त्यामुळे गुपचूप पैसे भरायचा बेत सोडा. तो गप्प बसण्याचाच महागडा भाग आहे. शिवाय गुपचूप भरणार कसे? फोडायचं त्यांचं बाथरूम आहे. मुलीला परस्पर फोनही नको. आईच्या पाठीमागे मुलीकडे तक्रार गेली की आईच्या घरातली कुजबुज दुसऱ्या गावी पोचते, आणि मग 'आई, आता एकटी राहू नकोस' इथपर्यंत गोष्ट जायला वेळ लागत नाही. काकूंशी बोलून झाल्यावर, 'तुमच्या मुलीला कळवायचं का?' एवढं त्यांनाच विचारा. त्या हो म्हणाल्या तर फोन त्यांनाच लावू द्या.

आणि पहिल्यांदा वर कुणी जायचं? मिस्टरांनी. फोटो त्यांनी टाकला होता. तुम्ही सोबत जा, पण तोंड त्यांनी उघडायचं. लांबण नको. 'काकू, मी तो फोटो टाकायला नको होता. आधी वर येऊन तुमच्याशी बोलायला हवं होतं. चूक झाली.' एवढंच. लगेच त्याला 'पण' जोडू नका. 'पण आमचीही परिस्थिती बघा' असं म्हटलं की माफी तिथेच वाहून जाते. मग तुम्ही बोला: वर्षभर सांगितलं नाही ही माझी चूक, पाणी कुठून येतंय ते अजून आम्हालाही माहीत नाही, आपण मिळून शोधू या का, खाली येऊन एकदा बघाल का? त्या खाली येतील तेव्हा बादली तिथेच असू द्या. पाहुणे येणार म्हणून आवरून ठेवू नका.

ग्रुपवरही मिस्टरांनी एक ओळ टाकावी: गळती कुठून आहे ते अजून निश्चित झालेलं नाही, मी घाईने लिहिलं होतं. फोटो सगळ्यांसमोर टाकला, तर ही ओळही सगळ्यांसमोरच हवी. याला मिस्टर आढेवेढे घेतील, हे मला इथून दिसतंय. त्यांना म्हणावं, वर्षभर छताखाली छत्री धरून अंघोळ केलीत, तुमचा राग खोटा नाही. पण तो चुकीच्या दारावर जाऊन आदळला असेल, तर?

मिस्टरांचं एक म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर आहे: हे आणखी लांबवता येणार नाही. तुमचं छत आणि काकूंची फरशी हा एकच स्लॅब आहे. आत पाणी मुरत राहिलं की सळ्या गंजतात, गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. छतावर पांढरा लोणा दिसत असेल तर पाणी सिमेंटमधले क्षार घेऊन बाहेर पडतंय. तांबूस डाग किंवा सळीच्या रेषेत सरळ भेग दिसली तर प्लंबर पुरे नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. संबंध टिकावेत म्हणून गप्प बसणारे मला बरेच भेटतात. स्लॅब कुणाच्या संबंधांसाठी थांबत नाही, आणि तुमच्या बाबतीत गप्प बसून संबंधही वाचलेले नाहीत.

कमिटीचं 'आपसात मिटवा' हे मात्र मी ऐकून घेणार नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमांमध्ये, दुरुस्तीची वाटणी लिहिलेली आहे. बाहेरच्या भिंती, गच्ची, सामायिक पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, त्यांच्यामुळे होणारी गळती हे संस्थेच्या खर्चाने. संडास, सिंक वगैरेंमुळे सदनिकेच्या आत होणारी गळती त्या-त्या सदनिकाधारकाच्या खर्चाने, संस्थेने त्याला नोटीस देऊन. म्हणजे दोन्ही बाबतींत संस्थेला काम आहे. आगाऊ कळवून सदनिकेत जाऊन पाहणी करण्याचा अधिकारही सेक्रेटरीला असतो. तुमच्या संस्थेने कोणते उपविधी स्वीकारलेत ते कार्यालयात मागून बघा. सभासद म्हणून तुम्हाला ते मिळायला हवेत. मग कमिटीला साधं पत्र द्या, पोच घ्या. मागणी एवढीच: सेक्रेटरींच्या उपस्थितीत, काकूंच्या सोयीच्या वेळी पाहणी करावी आणि डक्टही तपासावा. काकूंविरुद्ध तक्रार असं त्यात कुठेही लिहू नका. पत्र द्यायच्या आधी त्यांना वाचून दाखवा. दुरुस्ती निधी म्हणून दर महिन्याला तुम्ही दोघीही पैसे भरता. पाइप सामायिक निघाला तर त्यातून काम करणं म्हणजे कमिटीने उपकार करणं नव्हे.

समजा, दोष काकूंच्या बाथरूममध्येच निघाला. नियमाने खर्च त्यांचा. तिथे तुम्हाला माणुसकीने सैल सोडता येईल अशी जागा भरपूर आहे. तुमच्या बाजूचं छत, गिलावा, रंग तुम्ही करा, तो हिशेब त्यांच्याकडे मागू नका. कामाला दोन-तीन जणांचे लेखी अंदाज आणायची, मजुरांवर लक्ष ठेवायची धावपळ मिस्टरांनी घ्यावी. एकट्या बाईला पैशांइतकीच या सगळ्याची धास्ती असते. बाथरूम फोडावं लागलं तर आठवडा-दहा दिवस त्यांनी अंघोळीला तुमच्याकडे यावं. आणि पैसे कमी पडत असतील तर 'आत्ता आम्ही भरतो, तुम्ही जमेल तसे द्या' हे उघड बोला, रक्कम आणि हप्ता दोघींनी एका कागदावर लिहून. त्या नको म्हणाल्या तर आग्रह करू नका. मुलाला सांभाळल्याची परतफेड म्हणून तर पैसे अजिबात देऊ नका. ती त्यांनी तेव्हा घेतली नाही, आता प्लंबरच्या बिलातून घेतील का?

कंत्राटदाराकडून वॉटरप्रूफिंगची हमी लेखी घ्या. लादी बसवण्याआधी पाणी साठवून चाचणी घ्यायची, हे आधीच कागदावर आणा; लादी बसल्यावर सगळेच कंत्राटदार शपथेवर बोलतात. तुमच्या छताला रंग मात्र घाईने लावू नका. ओल पूर्ण सुकायला काही आठवडे जातात, भिंत जाड असेल तर आणखी. ओल्यावर रंग दिलात की पहिल्या पावसात पापुद्रे निघतील आणि तुम्हाला वाटेल परत गळतंय.

नोटीस शेवटची. काकूंनी पाहणीलाच नकार दिला, कमिटीने लेखी पत्रालाही दाद दिली नाही, तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात तक्रार करता येते. वाद सहकार न्यायालयातही नेता येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली तशी सोय आहे. पण तिथे वेळ किती जातो ते वकील तुम्हाला सांगतीलच, आणि तोवर बादली तुम्हालाच ओतायची आहे. तुमच्या पत्रातल्या काकू नकार देणाऱ्या वाटत नाहीत. त्यांना अजून कुणी काही विचारलेलंच नाही.

किल्लीचं राहिलं. त्या घरात नसताना ती वापरू दिली नाहीत, हे फार चांगलं केलंत. परत मात्र करू नका. महिनाभर तुमच्याशी एक शब्द न बोलताही त्यांनी ती मागितलेली नाही.